रात्री अडीचला घंटा वाजवून बघा : फायर स्टेशनच्या रेस्क्यू टीमची तयारी कशी तपासायची

नगरपालिकेच्या फायर स्टेशनला नवीन रुजू झालेल्या सब ऑफिसरकडे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एक पत्र हमखास येतं : 'आपल्या केंद्रातील विमोचन पथकाच्या (म्हणजे रेस्क्यू टीमच्या) सज्जतेचा अहवाल सादर करावा.' मग तो साहित्याची नोंदवही उघडतो. दोर किती, बी.ए. सेट (धुरात श्वास घ्यायला पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क) किती, कटर किती, सगळं मोजतो, प्रत्येकापुढे 'सुस्थितीत' लिहितो आणि सही ठोकतो.

माझा पहिला अहवालही असाच होता. त्यानंतर महिन्याभरातच एका गोडाऊनच्या वर्दीला गेलो (आमच्याकडे वर्दी म्हणजे गणवेश नव्हे, मदतीचा कॉल) आणि त्या 'सुस्थितीत'ल्या एका सेटचा मास्क माझ्याच तोंडावर बसेना. रबर कडक झालेलं, कानशिलाजवळून धूर आत येत होता. बाहेर आलो, दुसरा सेट चढवला, पुन्हा आत गेलो. आत कोणी माणूस नव्हता म्हणून ती चार मिनिटं कुणी मोजली नाहीत.

तेव्हापासून मी वस्तू मोजणं कमी केलं आणि माणसांच्या हातात त्या वस्तू देऊन बघायला लागलो. जे पहिल्यांदाच ही तपासणी करणार आहेत त्यांच्यासाठी ती पद्धत इथे क्रमाने देतो आहे. सगळं एका दिवसात होत नाही. पंधरा दिवस धरा.

पहिली पायरी : टीम म्हणजे नेमकं कोण ते ठरवा

मंजूर पदं, भरलेली पदं आणि आज रात्री स्टेशनवर झोपलेली माणसं हे तीन वेगळे आकडे आहेत. तपासायचा तो तिसरा. ड्यूटी चार्टवर सात नावं असतील, त्यातला एक रजेवर, एक कोर्टाच्या साक्षीला, दोघं आणि एक गाडी मंत्र्यांच्या हेलिपॅडच्या बंदोबस्ताला. उरले तीन. त्यात एक चालक, तो पंप सोडून हलू शकत नाही. म्हणजे धुरात शिरायला दोघं, आणि त्या दोघांना काही झालं तर त्यांच्यामागे कोणीच नाही. गणेशोत्सवात विसर्जन घाटावर माणसं वाटली जातात तेव्हा तर हा हिशोब आणखी पातळ होतो.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त एवढंच करा : मागच्या महिन्यातल्या कोणत्याही पाच रात्री निवडा आणि प्रत्येक रात्री बी.ए. सेट घालून आत जाऊ शकणारी माणसं किती होती ते हजेरीपटावरून काढा. चार असतील तर पुढे बोलता येतं. चारपेक्षा कमी असतील तर अहवालाचं पहिलं वाक्य तुम्हाला आताच मिळालं.

त्याच दिवशी वर्दी रजिस्टर चाळा, निदान एका वर्षाचं. तुमच्या हद्दीत लोक कशात अडकतात ते त्यातून कळतं. हायवेलगतच्या गावात चेपलेल्या केबिनमध्ये अडकलेले ड्रायव्हर, जुन्या पेठांत पडकी घरं, एमआयडीसीजवळ टाक्या आणि चेंबर, तालुक्याच्या गावात विहिरी. मांजात अडकलेले कावळे आणि घारी सगळीकडेच. तपासणीचा वेळ या प्रमाणात वाटा. ज्या गावात सात मजल्यांवर इमारत नाही तिथे उंच इमारतीच्या ड्रिलवर दोन दिवस घालवणं म्हणजे परीक्षेला न आलेला धडा पाठ करणं.

दुसरी पायरी : न सांगता घंटा

दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. त्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर प्रात्यक्षिक होतं. शिडी आधीच लावून ठेवलेली, होज (पाण्याचा पाइप) आधीच जोडलेला, 'अडकलेला' माणूस आपलाच फायरमन, आणि तो खांद्यावर घ्यायला सोपा म्हणून सर्वांत हलका निवडलेला. लोकांसाठी ते ठीक आहे. तयारी मोजायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

खरी घंटा रात्री अडीच-तीनला वाजवा. मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांची परवानगी घ्या, कंट्रोल रूमच्या एका माणसाला सांगून ठेवा आणि शेजारच्या स्टेशनने त्या अर्ध्या तासात तुमची हद्द सांभाळावी एवढी सोय करा. गाडी रस्त्यावर सायरन वाजवत न्यायची नाही. फाटकापर्यंत आली की थांबवायची. ड्रिलसाठी कोणाचा अपघात झाला तर तुमची तपासणी तिथेच संपली.

घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या. तुम्ही डोळे वापरा. कोण बूट शोधतंय? कुणाचं हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर आहे? चालकाच्या हातात किल्ली आहे की ती वॉच रूमच्या खिळ्यावर? जुन्या गाड्यांना एअर ब्रेकचं प्रेशर भरायलाच वेळ लागतो. कुठे गळती असली तर सकाळी भरलेलं प्रेशर रात्री उतरलेलं असतं, आणि माणसं गाडीत बसून इंजिन घुमवत राहतात. मी एकदा बघितलं, चौघं अगदी वेळेत बसले होते आणि गाडी दोन मिनिटं जागची हलली नाही. अहवालात ती दोन मिनिटं फायरमनच्या नावावर लागली असती.

घंटेपासून गाडी फाटकापर्यंत यायला दिवसा एक मिनिट आणि रात्री दीड मिनिट ही मी धरतो ती मोजपट्टी. शहरात पहिली गाडी पाच ते सात मिनिटांत पोचावी असं आपण म्हणतो, त्यातली तीन मिनिटं फाटकाच्या आत गेली तर पुढे ट्रॅफिकला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि हो, पहिल्या रात्री ओरडू नका. ओरडलात की दुसऱ्या वेळी खबर आधीच फुटते. स्टेशनवर खबर चहाच्या आधी पोचते.

तिसरी पायरी : हवेचा हिशोब

इथे रेंगाळायचं. रेस्क्यूचं बाकी सगळं काम हवेवर उभं आहे, आणि नव्या अधिकाऱ्याला सगळ्यात कमी माहिती याचीच असते.

आपल्याकडच्या बहुतेक सेटना ६.८ लिटरचा सिलिंडर असतो, भरल्यावर ३०० बार. गुणाकार केला तर २०४० लिटर हवा. प्रत्यक्षात इतक्या दाबाला थोडी कमीच मावते, पण हिशोबाला हा आकडा धरू. साधारण ५५ बारला हवा संपत आल्याची सेटची शिट्टी वाजते, तिच्याखालची सुमारे ३७४ लिटर हवा ही राखीव, तिला हात लावायचा नाही. कामाला उरली १६६६ लिटर.

पुस्तकात माणूस मिनिटाला ४० लिटर हवा घेतो असं धरतात. त्या हिशोबाने ४१ मिनिटं मिळतात. म्हणूनच लोक सांगतात, 'सेट पाऊण तास चालतो.' पण जिन्यावरून माणूस ओढताना कोणी ४० लिटरवर राहत नाही. ६० ला २७ मिनिटं, ८० ला जेमतेम २१.

तुमच्या माणसांचा खरा आकडा काढायला खर्च शून्य आहे. प्रत्येकाला पूर्ण पोशाख आणि सेट घालून कामाला लावा : दोन मजले चढा, होजची गुंडाळी वर न्या, खाली या, माणसाच्या वजनाची डमी (बाहुला) पंचवीस मीटर ओढा, पुन्हा. सुरुवातीचं आणि शेवटचं प्रेशर लिहा. समजा २९० ने सुरू केलं, १२ मिनिटांनी १७० उरले. १२० बार गेले, गुणिले ६.८, म्हणजे ८१६ लिटर. भागिले १२, म्हणजे मिनिटाला ६८ लिटर. हा आकडा त्या माणसाच्या नावापुढे लिहून ठेवा. जोडीतल्या दोघांपैकी ज्याची हवा लवकर संपते त्याच्या वेळेवर जोडी बाहेर यायला हवी, आणि तो कोण हे आत शिरण्यापूर्वी माहीत हवं.

आमच्या एका जुन्या लीडिंग फायरमनने, पुण्यात ज्याला तांडेल म्हणतात त्या हुद्द्याच्या माणसाने, मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं, "साहेब, शिट्टी वाजली की बाहेर निघायचं नसतं. शिट्टी वाजते तेव्हा बाहेर असायचं असतं." आज स्टेशनवर एकेकाला विचारा, 'शिट्टी कशासाठी असते?' दहातले निम्मे तरी म्हणतील, बाहेर निघायला.

सेट तपासताना नोंदवहीवर जाऊ नका. मास्क हातात घ्या, हनुवटीजवळचं रबर अंगठ्याने दाबा, चीर दिसते का बघा. मास्क लावा, पुरवठा बंद करून श्वास आत घ्या; मास्क गालाला चिकटला पाहिजे आणि चिकटून राहिला पाहिजे. दोन दिवसांची दाढी असलेल्या माणसावर हीच चाचणी करून दाखवा, भाषण द्यावं लागत नाही. मग सिलिंडर बंद करून हवा हळूहळू सोडा आणि शिट्टी किती बारला वाजते ते बघा. काही शिट्ट्या वाजतच नाहीत, आत धूळ बसलेली असते. शेवटी सिलिंडरवर कोरलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासल्याची) तारीख वाचा. उजेड लागतो, बॅटरी घेऊन जा. रंगाचा हात मारून तारीख बुजवलेली असेल तर तो सिलिंडर बाजूला.

हवा भरून कुठून आणता हेही विचारा. स्टेशनवर कॉम्प्रेसर नसेल तर रिकामे सिलिंडर कधी, कोणत्या गाडीने, किती तासांत भरून येतात? चार सेट आणि चारच सिलिंडर असलेलं स्टेशन एका वर्दीनंतर दुसऱ्या वर्दीसाठी रिकामं असतं.

चौथी पायरी : आपलाच माणूस आत पडला तर

ही तपासणी आपल्याकडे जवळपास कोणीच करत नाही, आणि माझ्या मते टीमची खरी लायकी इथेच कळते.

९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासाला आग लागली आणि इमारत कोसळली. त्या घटनेत मुंबई अग्निशमन दलाने चार अधिकारी गमावले, त्यात प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते. ज्यांना आपण सर्वांत अनुभवी म्हणतो त्यांच्या बाबतीतही हे घडतं.

अमेरिकेत फिनिक्स शहरात १४ मार्च २००१ ला एका सुपरमार्केटच्या आगीत एक फायरमन धुरात वाट चुकला, हवा संपली आणि गेला. त्यानंतर त्या दलाने मोठ्या रिकाम्या इमारतींत शेकडो माणसं लावून सराव केले आणि घड्याळ लावून मोजलं. एका फायरमनला बाहेर काढायला सुमारे १२ जण लागले. सरासरी वेळ २१ मिनिटं. आणि वाचवायला गेलेल्या पाचांपैकी एक स्वतःच अडचणीत आला.

आता वरचा हिशोब आठवा. मिनिटाला ८० लिटर हवा घेणाऱ्याकडे भरलेल्या सिलिंडरवर शिट्टीपर्यंत २१ मिनिटं असतात. पण पडलेल्या माणसाचा सिलिंडर भरलेला नसतो. म्हणजे त्याला बाहेर काढण्याआधी त्याच्यापर्यंत हवा पोचवावी लागते.

चाचणी अशी घ्या. सुट्टीतली मनपा शाळा किंवा रिकामा गाळा मिळवा. आत जुने बाक, खुर्च्या, तारांची भेंडोळी टाकून वाट वाकडी करा. धुरासाठी टायर जाळू नका; लग्नात डीजेवाले वापरतात ते स्मोक मशीन भाड्याने मिळतं, नाहीतर मास्कच्या काचेवर काळा फडका बांधा, काम तेच होतं. ऐंशी किलोची डमी बनवा : जुन्या होजमध्ये वाळूच्या पिशव्या भरून शिवायच्या, वर जुना कोट आणि एक जुना सेट बांधायचा. प्रत्येक जोडीबरोबर डोळे उघडे असलेला एक माणूस नुसता सुरक्षेसाठी ठेवा, तो मदत करणार नाही.

एक जोडी नेहमीसारखी होज घेऊन आत गेली की पाच मिनिटांनी त्यांच्यातल्या एकाला बाजूला बसवा, डमी त्याच्या जागी टाका आणि दुसऱ्याला वॉकीटॉकीवर संदेश द्यायला सांगा. घड्याळ सुरू.

पहिलं बघायचं ते संदेश. कुठे 'मेडे' म्हणतात, कुठे 'इमर्जन्सी'. शब्द कोणताही चालेल, पण सगळ्यांना तोच एक माहीत हवा आणि तो आला की बाकीचं बोलणं बंद व्हायला हवं. कोण, कुठे, काय झालं, प्रेशर किती, या चार गोष्टी पहिल्या संदेशात आल्या का? बहुतेक वेळा 'साहेब, साहेब, लवकर या' एवढंच येतं.

मग दाराकडे बघा. दुसरी जोडी कुठे आहे? सेट पाठीवर, मास्क गळ्यात, असे दोघं दारात उभे असायला हवेत. ते सापडतात गर्दी हटवताना, नाहीतर टँकरचा होज ओढताना. बोलावून, सेट चढवून, दारात येईपर्यंत किती वेळ गेला ते वेगळं लिहा. अमेरिकेत आत दोघं तर बाहेर दोघं हा नियमच आहे. आपल्याकडे निदान सवय तरी करता येते.

दुसरी जोडी आत जाताना हातात काय घेऊन जाते? भरलेला जादा सिलिंडर आणि मास्क, गाईड लाइन (परतीची वाट सापडावी म्हणून धरायचा दोर), बॅटरी, कापायला काहीतरी. रिकाम्या हातांनी धावत गेली तर तिथेच थांबवा आणि समजावून पुन्हा पाठवा.

डमी सापडल्यावर पहिल्या दहा सेकंदांत ते काय करतात ते शाळामास्तरासारखं बघा. सगळे ओढायलाच लागतात. आधी हवा बघायची. त्याच्या अंगावरचा हालचाल थांबली की किंचाळणारा अलार्म बंद करायचा, नाहीतर वॉकीटॉकीवरचं काहीच ऐकू येत नाही. सापडला, इथे आहे, श्वास आहे की नाही, हे बाहेर कळवायचं. मग त्याच्या सेटचा कमरेचा पट्टा सोडून पायांमधून घेऊन पुन्हा बकल लावायचं. हे केलं नाही तर खांद्याचे पट्टे धरून ओढताना सेट वर सरकतो आणि माणूस मागेच राहतो. एकदा डमीवर हे चुकू द्या, आपोआप लक्षात राहतं.

आता छोट्या स्टेशनचा प्रश्न : बारा माणसं आणायची कुठून? नाहीत. म्हणून चाचणीत आणखी एक घड्याळ लावा. माणूस पडल्याचा संदेश आल्यापासून अधिकाऱ्याने जादा कुमक मागेपर्यंत किती वेळ गेला? शेजारची नगरपालिका, एमआयडीसीचं फायर स्टेशन, मोठ्या कारखान्याचं स्वतःचं दल, यांचे नंबर वॉच रूमच्या भिंतीवर आहेत का, आणि त्यांना फोन लावला तर कोणी उचलतं का? लावून बघा, रात्रीच. मी लावलेल्या तीनांपैकी एक नंबर बदलून गेलेल्या साहेबांचा निघाला होता.

शेवटचं, आत किती जण आहेत हे बाहेर कोणाला माहीत असतं? दाराशी एक पांढरा बोर्ड, त्यावर नाव, आत जायची वेळ, प्रेशर आणि बाहेर यायची अपेक्षित वेळ. बोर्ड आणि मार्करचा खर्च स्टेशनच्या किरकोळ खर्चात बसतो. चाचणीच्या मध्येच सांभाळणाऱ्याला विचारा, 'आत्ता आत कोण कोण?' तो बोटांवर मोजायला लागला तर उत्तर मिळालं.

पाचवी पायरी : दोर, विहीर आणि चेंबर

दोराबद्दल एकच प्रश्न विचारा : हा दोर याआधी कशाला वापरला? 'माहीत नाही' असं उत्तर आलं, किंवा कोणी हळूच 'मागच्या पावसाळ्यात झाड ओढलं होतं' म्हणालं, तर तो दोर माणसासाठी बाद. दिसायला नवा असला तरी. तो रंगवून वेगळा ठेवा आणि झाडं ओढायलाच वापरा. चांगला दोर हातातून इंच इंच सरकवा. आत गाठ, पोकळ जागा किंवा चपटेपणा लागतो का ते बोटांना कळतं. गाठी माणसांकडून डोळे बांधून, ओले हातमोजे घालून बांधून घ्या. बोलाईन आणि चेअर नॉट ट्रेनिंगला सगळ्यांनी शिकलेली असते; पाच वर्षांनी किती जणांच्या हातात उरते ते बघण्यासारखं असतं.

चेंबर आणि विहिरींचं वेगळं सांगायला हवं. गाळ काढायला किंवा मोटर काढायला एक उतरतो, खाली कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. आपल्याकडे अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. यातल्या रांगेत चौथा आपला फायरमन असू नये यासाठी ही तपासणी.

गॅस मीटर मोकळ्या हवेत चालू करा, शून्य घ्या, मग त्याला चाचणीचा गॅस दाखवून अलार्म वाजतो का बघा. गॅस नसेल तर मीटर चालतं असं लिहू नका, 'चालू होतं' एवढंच लिहा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली आणि हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी गॅस) १० पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत दहा भागांवर, अलार्म, हे आकडे टीममधल्या प्रत्येकाला पाठ हवेत. आणि वरून, मध्ये, तळाशी अशी तीन ठिकाणी हवा मोजायची, कारण चेंबरच्या तोंडाशी सगळं छान असतं. 'साहेब, वास येत नाही म्हणजे गॅस नाही' असं म्हणणारा अनुभवी माणूस प्रत्येक स्टेशनवर असतो. सडक्या अंड्याचा तो वास गॅस वाढला की नाकाला कळेनासा होतो, हे त्याला चारचौघांत नव्हे, बाजूला घेऊन सांगा.

मग एक साधी परीक्षा. तुमच्या शहरातलं नेहमीचं मॅनहोल निवडा, झाकण उघडून तोंडाची रुंदी मोजा आणि तेवढी लोखंडी कडी वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. सेट पाठीवर घेतलेला माणूस त्यातून जातो का? बऱ्याच ठिकाणी जात नाही. सेट काढून आधी खाली सोडू, असं कोणी म्हणालं तर ती योजना तिथेच मोडीत काढा. एअरलाइन सेट (लांब नळीने बाहेरून हवा देणारा) आणि ट्रायपॉड (तोंडावर उभी करून माणूस दोराने खाली-वर करायची तिपाई) नसेल तर चेंबरमधल्या रेस्क्यूला तुमची टीम तयार नाही. असं लिहायला हात धजत नाही, पण लिहा.

सहावी पायरी : कटर, व्हॅन, वॉकीटॉकी

हे थोडक्यात, कारण यात बिघाड लपत नाही, फक्त कोणी बघत नाही. कटर आणि स्प्रेडर (चेपलेला पत्रा कापणारं आणि फाकवणारं यंत्र) नुसते सुरू करून बंद करू नका. भंगारवाल्याकडून एक जुनी गाडी मागून घ्या, दरवाजा काढा, छताचा खांब कापा. कटर चालवणाऱ्या इंजिनातलं पेट्रोल महिनोन् महिने तेच असतं आणि ऐनवेळी दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. लाकडी ठोकळे आहेत का बघा; गाडी टेकवून स्थिर केल्याशिवाय कापायला सुरुवात करणारी टीम आतल्या माणसाची मान हलवते. रेस्क्यू व्हॅनचे शटर एका हाताने उघडतात का, आणि कटर सर्वांत मागे, चार वस्तूंच्या पाठी तर नाही ना, एवढं पुरे.

वॉकीटॉकी बाजारातल्या कॉम्प्लेक्सच्या तळघरात नेऊन बोला. स्टेशनच्या आवारात सगळेच चालतात.

सातवी पायरी : माणसं

दमसास बघताना सगळ्यांना एका काट्याने तोलू नका. पंचविशीतला पोरगा तीन मजले धावत चढतो आणि मिनिटाला ९० लिटर हवा ओढतो. पन्नाशीतले काका हळू चढतात, ५० वर राहतात आणि भिंतीला हात लावून वाट बरोबर परत शोधतात. जोड्या लावताना दोन्ही लागतात. मात्र ड्रिलआधी रक्तदाब मोजाच. वाढलेला असेल तर त्यांना पांढऱ्या बोर्डावर बसवा, ते कामही तितकंच मोठं आहे.

आणि ड्रिल संपल्यावर चहा मागवा, मग विचारा, 'कुठे अडलं?' रजिस्टर बंद ठेवून. उघड्या रजिस्टरसमोर कोणी खरं बोलत नाही. कंत्राटी मुलं तर अजिबातच नाहीत, त्यांना पुढच्या मुदतवाढीची काळजी असते. माझ्या यादीतल्या अर्ध्या त्रुटी मला चहाच्या वेळी कळल्या आहेत.

आठवी पायरी : अहवाल

'सुस्थितीत' हा शब्द वापरू नका. त्याऐवजी जे बघितलं ते वेळेसकट लिहा : 'रात्री २.४० ला घंटा, गाडी फाटकापर्यंत ३ मिनिटे १० सेकंदांत, त्यापैकी २ मिनिटे एअर प्रेशरसाठी.' असं वाक्य कोणाला खोडता येत नाही आणि गॅरेजचा प्रश्न फायरमनच्या गळ्यात पडत नाही.

टक्केवारी काढू नका. दहापैकी आठ गोष्टी चांगल्या म्हणून टीम ८० टक्के तयार, हा हिशोब धुरात चालत नाही. त्यापेक्षा कामाचे प्रकार वेगळे करा : धुरातला शोध, रस्त्यावरचा अपघात, विहीर, चेंबर, पडकी इमारत. प्रत्येकापुढे 'तयार' किंवा 'तयार नाही', आणि नाही असेल तर कशामुळे. दारात दुसरी जोडी नाही, जादा हवा नाही, तर धुरातल्या शोधाला तयार नाही. मीटर किंवा ट्रायपॉड नाही, तर चेंबरला नाही. बाकी कितीही चकाचक असो.

वरून फोन येईल, 'अहो, एवढं नकारात्मक कशाला लिहिता?' अशा वेळी उपयोगी पडते ती दुसरी यादी, जी अहवालाला जोडायची : आजच होण्यासारखं, महिन्यात होण्यासारखं, खरेदीला लागणारं. वॉशर, पांढरा बोर्ड, फोन नंबर, व्हॅनमधली जागा बदलणं, हे पत्र पोचायच्या आत करून टाका आणि 'पूर्ण' लिहा. मग ट्रायपॉडची मागणी करताना तुमच्या शब्दाला वजन येतं.

तीन आठवड्यांनी तीच डमी, तोच गाळा, पण बाक वेगळ्या ठिकाणी. एका स्टेशनवर पहिल्या वेळी डमी बाहेर यायला अर्ध्या तासावर वेळ गेला होता. दुसऱ्या वेळी बराच कमी. तिसऱ्या वेळी पुन्हा वाढला, कारण मधल्या काळात दोघांची बदली झाली होती आणि नवीन आलेल्या दोघांना पट्टा पायांमधून घ्यायचा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. आता त्या स्टेशनवर बदलीवर आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हजेरीपटावर सही करायच्या आधी ती डमी ओढायला लावतात.